अकराव्या प्रश्नाचे उत्तर

पत्रकारितेच्या एका पुरस्कारासाठी भरायच्या अर्जात अकरावा प्रश्न असा होता: हे वृत्तलेखन प्रसिद्ध झाल्यानंतर त्याच्या सत्यतेविषयी किंवा निःपक्षपातीपणाविषयी कोणी आक्षेप घेतला आहे काय, घेतला असल्यास त्याचे स्वरूप, त्यावर आपल्या वृत्तपत्राने केलेली कार्यवाही आणि छापलेली दुरुस्ती सोबत जोडावी. मी त्यापुढे ‘नाही’ असे लिहिले आणि बाराव्या प्रश्नाकडे वळले. ते लिहायला मला अर्धे मिनिटही लागले नसेल. ते खोडून त्या जागी खरे उत्तर लिहायला एकोणीस दिवस लागले. त्या दिवसांत काय घडले ते सविस्तर लिहून ठेवावे, असे अर्ज पाठवल्यापासून मनात होते.

मी पुण्यातील एका मराठी दैनिकात सोळा वर्षे बातमीदार आहे. पुरस्कारांसाठी स्वतःहून अर्ज करण्याचा माझा स्वभाव नव्हता आणि त्याला कारणही होते. दर वर्षी ६ जानेवारीला, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’चा पहिला अंक काढला त्या दिवशी, आपल्याकडे पत्रकार दिन साजरा होतो आणि त्या सुमारास पत्रकारांच्या गौरवाचे कार्यक्रम होत असतात. त्यांतील काही पुरस्कार मोलाचे असतात, ते देणारी माणसे वर्षभर वाचत असतात आणि निवड करताना वादही घालतात. परंतु काही ठिकाणी पुरस्कार देणारा आणि बातमीचा विषय असणारा एकच असतो, आणि ज्यांच्या व्यवहाराविषयी आपण उद्या लिहिणार आहोत त्यांच्या हातून आज शाल आणि श्रीफळ घेणे मला कधी पटले नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या मजकुराने महाराष्ट्रातील वृत्तपत्रांची जी बदनामी झाली आणि ज्याची पुढे प्रेस कौन्सिलच्या उपसमितीला चौकशी करावी लागली, ती पाहिलेल्या माझ्या पिढीच्या बातमीदारांना याबाबत थोडे कडवट असण्याचा हक्क आहे, असे मी मानते.

या वेळी अर्ज करण्यास मला आमच्या मुख्य बातमीदारांनी भाग पाडले. देशपातळीवरचा, एका न्यासाने दिला जाणारा हा पुरस्कार होता आणि त्यात भारतीय भाषांसाठी स्वतंत्र गट होता. रामनाथ गोएंका पुरस्कार २००६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्यांत प्रादेशिक भाषांतील बातमीदारांची नावे दिसू लागली आणि मराठी बातमीदारालाही दिल्लीत वाचले जाऊ शकते, असा विश्वास आमच्या कचेऱ्यांतून निर्माण झाला. “तुमची टँकरची मालिका पाठवा, मॅडम. नाही निवडली तर नाही, पण कोणी तरी बाहेरचा माणूस ती बारकाईने वाचेल,” असे ते म्हणाले. त्यांच्या या वाक्यातला उत्तरार्ध इतक्या लवकर खरा होईल, याची मला कल्पना नव्हती.

मालिका पाच भागांची होती. पुण्यालगतच्या एका झपाट्याने वाढलेल्या गावात उन्हाळ्यात टँकरने पाणी येत असे; कागदावर जितके येत होते तितके लोकांच्या पिंपांत पडत नव्हते, हा तिचा गाभा. त्या गावाचे, टँकर पाठवणाऱ्या कार्यालयाचे आणि ठेकेदाराचे नाव मी येथे देत नाही, कारण सांगायची गोष्ट माझ्या चुकीची आहे. माहिती अधिकाराच्या अर्जावर मिळालेली दोनशे चौदा पाने, प्रत्येक पानाचे दोन रुपये भरून, मी घेतली होती. अकरा दिवस पहाटे गावात उभी राहून येणारे टँकर मोजले होते. मालिकेचा तिसरा भाग पहिल्या पानावर खालच्या बाजूस लागला होता. त्यात मार्च महिन्यात त्या गावासाठी झालेल्या टँकरच्या खेपांचा कार्यालयीन आकडा होता आणि गावकऱ्यांनी आपल्या वहीत टिपलेला आकडाही होता. दोहोंतील तफावत मोठी होती. मथळा त्या तफावतीवरच बेतलेला होता.

अर्जासोबत काय काय जोडायचे याची यादी लांब होती. छापील मजकुराची नुसती कात्रणे चालणार नव्हती; संपूर्ण पानाची प्रत हवी होती, कारण कात्रणावर तारीख, पान आणि आवृत्ती दिसत नाही. बातमी कशी मिळवली, कोणती कागदपत्रे तपासली, कोणाची बाजू घेतली आणि कोणाची घेता आली नाही, याचे पाचशे शब्दांतले निवेदन हवे होते. नवव्या प्रश्नात लेखनाचा परिणाम विचारला होता. संपादकांचे प्रमाणपत्र हवे होते. आणि मराठी मजकुराचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवे होते, कारण निवड समितीतील सर्वांना मराठी येत नव्हते.

भाषांतराचे काम सर्वांत कंटाळवाणे होईल असे वाटले होते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये माझ्याबरोबर शिकलेली आणि आता इंग्रजी शिकवणारी एक मैत्रीण मदतीला आली. दोन भाग सुरळीत झाले. तिसऱ्या भागात ‘खेपा’ हा शब्द आला आणि तिने पेन्सिल थांबवली. “ही नोंद नेमकी कशाची आहे? टँकर भरल्याची, निघाल्याची, पोहोचल्याची की रिकामा होऊन परतल्याची?” असे तिने विचारले. मराठीत खेप म्हटले की भरणे, नेणे, रिते करणे आणि परतणे हे सारे एकाच शब्दात येते, आणि वाचणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. इंग्रजीत त्यातले एकच निवडणे भाग होते. मी म्हटले, पोहोचल्याची. ती म्हणाली, कागदावर तसे लिहिले आहे का?

मी फाइल उघडली. त्या रकान्याच्या डोक्यावर ‘दिलेले पास’ असे लिहिलेले होते.

जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर असे. विद्यार्थी असताना ही गोष्ट मी केवळ इतिहासातील एक तपशील म्हणून पाठ केली होती. दोन भाषांचे स्तंभ शेजारी शेजारी ठेवले की प्रत्येक शब्दाला शेजाऱ्यासमोर उत्तर द्यावे लागते, हे त्या संध्याकाळी माझ्या ध्यानात आले.

पास आणि खेप यांत फरक काय, हे मला कोणी सांगितलेच नव्हते असे मात्र म्हणता येत नाही. मी घरी जाऊन उन्हाळ्यातील टिपणवही काढली. तिसरा भाग छापून आला त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ होती: ‘मुकादमांचा फोन. पास म्हणजे खेप नव्हे म्हणतात. सारवासारव.’ टँकर भरण्याच्या ठिकाणी पास, म्हणजे टँकर भरून नेण्याच्या परवानगीच्या चिठ्ठ्या, वाटणारे ते गृहस्थ. त्यांनी फोन केला होता, मी दोन मिनिटे ऐकले होते, आणि ज्याच्यावर बातमी बेतली आहे तो असेच बोलणार, असे ठरवून फोन ठेवला होता. पुढच्या आठवड्यात त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. त्या नोटिशीत माझ्या बातमीचा उल्लेख होता. आणि नवव्या प्रश्नाच्या उत्तरात, लेखनाचा परिणाम म्हणून, मी तीच नोटीस पहिल्या क्रमांकावर लिहिली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. अर्ज पाठवायला तीन आठवडे उरले होते. नव्याने माहिती अधिकाराचा अर्ज केला तर उत्तरासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे, म्हणजे तो मार्ग बंद होता. परंतु महाराष्ट्रात सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कार्यालयातील अभिलेख पाहू द्यावेत, असा शासननिर्णय २०१८ साली जिल्हास्तरीय कार्यालयांसाठी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी निघालेला आहे. मी लागोपाठ दोन सोमवार त्या कार्यालयात जाऊन बसले. पहिल्या सोमवारी नोंदवही सापडत नाही असे सांगण्यात आले. दुसऱ्या सोमवारी ती मिळाली. सकाळी त्या दिवसाचे पास फाडले जात. वीज गेली, पंप बंद पडला किंवा टँकर नादुरुस्त झाला तर उरलेले पास दुसऱ्या दिवशी परत येत आणि रद्द म्हणून वेगळ्या वहीत चढवले जात. ती वेगळी वही मी उन्हाळ्यात मागितलीच नव्हती, कारण ती असते हेच मला ठाऊक नव्हते. मार्चमधील रद्द पास वजा केल्यावर तफावत निम्म्याहून कमी झाली. ती नाहीशी झाली नाही. पाणी कमी येत होते हे खरे, गावकऱ्यांची वही खरी, आणि मी पहाटे मोजलेले टँकरही खरे. मात्र मथळ्यात जेवढे मोठे पाणी मुरल्याचे आम्ही म्हटले होते तेवढे सिद्ध करणारा कागद आमच्याकडे नव्हता, आणि मुकादमांनी सांगितलेली गोष्ट शब्दशः बरोबर होती.

नारायण पेठेतून, केसरीवाड्यावरून, मी अनेकदा जाते. त्या आठवड्यात तेथून जाताना १८८२ सालचे कोल्हापूर प्रकरण सारखे आठवत होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाविषयी तेथील कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने लिहिले. त्या लेखनाला आधार असलेली पत्रे पुढे बनावट ठरली. ‘केसरी’ तेव्हा दोन वर्षांचाही झालेला नव्हता. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरीही त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते बाहेर आले. आपण त्या तुरुंगवासाचा गौरव करतो आणि तो योग्यच आहे. महाराजांविषयीची त्यांची कळकळ खोटी नव्हती. परंतु हाती आलेला कागद खरा आहे की नाही, आणि तो नेमके काय सांगतो, हे हेतू चांगला असल्याने ठरत नाही, हा त्या प्रकरणाचा अर्धा भाग आमच्या भाषणांतून क्वचितच येतो. माझा कागद खरा होता. मी तो चुकीचा वाचला होता.

संपादकांकडे गेले तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सहकारीही तेथे होते. त्यांचे म्हणणे असे की दुरुस्ती द्यायचीच तर पुरस्काराचा निकाल लागल्यावर द्यावी. आत्ता दिली तर अर्ज बाद होईल आणि ज्यांच्याविरुद्ध मालिका होती ते सारे पाचही भाग खोटे ठरवायला ती दुरुस्ती वापरतील. दुसरी भीती निराधार नव्हती आणि पुढे थोडीशी खरीही ठरली. संपादकांनी एकच प्रश्न विचारला, “आकडा चुकला आहे, की आकड्याचा अर्थ?” मी म्हटले, “अर्थ, सर. आकडा कागदावर तोच आहे.” त्यांनी नोंदवहीची छायाचित्रे मागून घेतली आणि दोन दिवसांनी दुरुस्ती लिहायला सांगितले.

प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत याविषयी स्पष्ट तरतूद आहे: चूक लक्षात येताच वृत्तपत्राने आपणहून, तत्परतेने आणि योग्य ठळकपणे दुरुस्ती छापावी, आणि चूक गंभीर असेल तर दिलगिरीही व्यक्त करावी. योग्य ठळकपणा म्हणजे किती, यावर आमची चर्चा अर्धा तास चालली. मूळ बातमी पहिल्या पानावर होती, म्हणून दुरुस्तीही पहिल्या पानावर असावी, असा माझा आग्रह होता. ती तिसऱ्या पानावर, चौकटीत, दोन स्तंभांत लागली. पहिले पान मिळायला हवे होते, असे माझे मत आजही आहे. मजकूर मात्र मी मनासारखा लिहू शकले: ‘खेपा म्हणून दिलेला आकडा प्रत्यक्षात दिलेल्या पासांचा होता. रद्द झालेले पास त्यातून वजा केलेले नव्हते. पास वाटणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ही बाब बातमी प्रसिद्ध झाल्यावर निदर्शनास आणली होती. तिची वेळीच पडताळणी केली नाही, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ शेवटचे वाक्य काढून टाकावे असे डेस्कवरून सुचवले गेले. ते राहू द्यावे असे संपादकांनी सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नंतर मी अर्ज नव्याने भरला. नवव्या प्रश्नातून नोटीस काढली. अकराव्या प्रश्नापुढे दीड पान लिहिले आणि दुरुस्तीचे पूर्ण पान जोडले. हा प्रश्न केवळ आमच्याच अर्जात असतो असे नाही. अमेरिकेतील पुलित्झर पुरस्कारासाठी लेखन पाठवणाऱ्यांनाही आपल्या लेखनाच्या प्रामाणिकपणावर, अचूकतेवर किंवा निःपक्षपातीपणावर घेतलेले महत्त्वाचे आक्षेप आणि छापलेल्या दुरुस्त्या कळवाव्या लागतात. तेथे १९८१ साली घडलेली घटना पत्रकारितेच्या वर्गात शिकवली जाते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या जेनेट कुक यांना आठ वर्षांच्या एका व्यसनी मुलाच्या वृत्तकथेसाठी पुलित्झर जाहीर झाले आणि दोन दिवसांत परत करावे लागले, कारण तो मुलगा मुळात नव्हताच. शंका उघड होण्याची सुरुवात बातमीपासून झाली नव्हती. पुरस्कारानिमित्त प्रसिद्ध झालेल्या परिचयातील शिक्षणाचा तपशील त्यांच्या आधीच्या वृत्तपत्राला आपल्याकडील माहितीशी जुळेना, आणि तेथून सगळे उलगडत गेले. पुढे ‘पोस्ट’ने वाचकांच्या तक्रारी पाहणाऱ्या आपल्या लोकपालाकडून स्वतःचीच चौकशी करवून ती सविस्तर छापली. मला त्या प्रकरणातील हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि पुरस्काराच्या रूक्ष वाटणाऱ्या कागदपत्रांविषयी मला आदर वाटू लागला तो त्यामुळेच. ज्या पुरस्काराच्या अर्जात केवळ नाव, पत्ता आणि छायाचित्र मागतात, त्याने उत्कृष्टतेविषयी काही बोलू नये, असे माझे आता पक्के मत झाले आहे.

आणखी एक काम उरले होते. मालिकेत ज्यांची नावे आणि छायाचित्रे होती त्यांची पुन्हा एकदा संमती घ्यावी, अशी अर्जात अट होती. बातमीच्या वेळी दिलेली संमती पुरे, असे मला आधी वाटले होते. पहिल्या भागात पहाटे साडेचारला हंडे रांगेत लावून बसलेल्या एका मावशींचे छायाचित्र होते. संपूर्ण मालिकेतील तेच सर्वांत बोलके. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “ताई, फोटो नका पाठवू. पोरगा आता त्याच ठेकेदाराच्या टँकरवर क्लीनर म्हणून लागलाय.” मालिकेमुळे त्यांच्यावर रोष होऊन मुलाचे काम जाईल, ही त्यांची भीती होती. मी वाद घातला नाही. अर्ज त्या छायाचित्राशिवाय गेला आणि पहिल्या भागाच्या पानाची प्रत जोडताना मी छायाचित्र झाकून, झाकल्याचे कारण लिहून पाठवले. वृत्तपत्रात एकदा छापून आलेले जुन्या अंकांत तसेच राहते हे मला माहीत आहे, आणि ते मला बदलता येणार नाही. पण नव्या व्यासपीठावर ते पुन्हा नेणे माझ्या हातात होते आणि ते मी टाळले.

मार्चमध्ये निवड समितीच्या वतीने एका गृहस्थांचा फोन आला. ते तब्बल पन्नास मिनिटे बोलले. त्यांचे बहुतेक प्रश्न अकराव्या उत्तरावरच होते: रद्द पासांची वही मूळ अर्जात का मागितली नाही, मुकादमांचा फोन आल्यावर कोणाला सांगितले, गावकऱ्यांची वही कोण लिहीत असे आणि ती कोणी तपासली. त्यांनी मला धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या बातमीविषयी इतके नेमके प्रश्न मला छापण्यापूर्वी कोणी विचारले असते तर किती बरे झाले असते, असा विचार फोन ठेवताना मनात आला. आमच्या कचेरीत आता पहिल्या पानावर जाणाऱ्या आकड्यांसाठी दुसरा बातमीदार मूळ कागद स्वतः पाहतो. मी तसे सुचवले आणि ते मान्य झाले, एवढाच त्यात माझा भाग.

मालिका अंतिम यादीपर्यंत गेली, पुरस्कार दुसऱ्या भाषेतील एका बातमीदाराला मिळाला. त्यांचे लेखन मी भाषांतरात वाचले आणि निवड योग्य होती.

दुरुस्ती छापून आली त्या दिवशी दुपारी मी तिचे कात्रण घेऊन मुकादमांना भेटायला टँकर भरण्याच्या ठिकाणी गेले होते. नोटिशीचा निकाल अजून लागलेला नव्हता; त्यांची सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. मी त्यांची माफी मागितली. “काका, तुम्ही तेव्हा बरोबर सांगत होता,” असे मी म्हणाले. त्यांनी कात्रण दोनदा वाचले, मागेही उलटून पाहिले आणि मला परत दिले.

“याच्यावर तारीख नाही, मॅडम,” ते म्हणाले. “साहेब विचारतील कुठल्या दिवशीचं. अख्खा पेपर असेल तर द्या.”

स्कूटरच्या डिकीत त्या दिवशीचा अंक होता. तो मी त्यांना दिला. त्यांनी तिसरे पान वर येईल अशी त्याची घडी घातली, शर्टाच्या आत धरली आणि पुढच्या टँकरचा पास फाडायला गेले.